निनावी शल्यवैद्य आणि आपल्या घरांतील जखमा

(मंडळाच्या कोल्हापूर येथील वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. विषय प्लास्टिक सर्जरीचा, आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेलेले. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध रुग्ण म्हणून अथवा रुग्णाचा नातेवाईक म्हणून आला, तेवढाच. तथापि या विषयाचे आपल्या ज्ञातीशी एक जुने नाते आहे, आणि आमच्या स्वतःच्या घराशीही एक नाते आहे. पहिले नाते अभिमानाचे आहे; दुसरे सांगताना मान खाली घालावी लागते. दोन्ही आज आपणांपुढे ठेवावीत, असे ठरवून आम्ही येथे उभे आहोत.

प्रथम या शब्दाचाच विचार करू. प्लास्टिक सर्जरी म्हटले की आपल्या बायाबापड्यांना बादल्या आणि पिशव्या आठवतात, आणि शरीरात प्लास्टिक भरतात की काय, अशी शंका येते. वस्तुतः हा शब्द ग्रीक भाषेतील असून त्याचा मूळ अर्थ घडविणे, मऊ मातीला आकार देणे असा आहे. म्हणजे शस्त्रक्रियेच्या या शाखेचे नावच मुळी कुंभाराच्या चाकावरून उतरले आहे! जन्मतः दुभंगलेला ओठ, अपघाताने गेलेले नाक, भाजल्याने आखडलेला हात, मधुमेहाने चिघळलेले पाऊल, कातडीवरील संशयास्पद गाठ, ही सारी या शास्त्राची कामे. चित्रपटातील नटनट्यांचे नाक सरळ करणे हा त्यातील एक लहानसा कोपरा होय.

आता इतिहासाकडे वळू. टिपू सुलतानाशी इंग्रज, मराठे आणि निजाम यांचे जे युद्ध १७९२ साली संपले, त्यात मराठ्यांच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा होत्या. इंग्रजी फौजेबरोबर धान्यसामान वाहणारे बैल हाकण्याचे काम कावसजी नावाचा एक माणूस करीत असे. नाव ऐकून तो पारशी वाटेल. परंतु इंग्रजी वृत्तांतात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. हा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. शत्रूला रसद पोहोचविणाऱ्यांनी धडा घ्यावा, हा त्यातील हेतू.

नाक कापणे ही आपल्याकडे नुसती जखम मानली जात नसे. आजही आपण अब्रू गेली म्हणावयाचे असेल, तर नाक कापले गेले असे म्हणतो. असे तोंड घेऊन कावसजी वर्षाहून अधिक काळ वावरला. त्यानंतर पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हा वृत्तांत चित्रासह छापून आला. चित्र १७९४ च्या जानेवारीत, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले होते. म्हणजे शस्त्रक्रिया १७९३ च्या मार्चच्या सुमाराची ठरते.

आणि हा कारागीर कोण? वृत्तांतात त्याची जात वीट पाडणाऱ्याची म्हणून दिली आहे. पुढील लेखकांनी त्याचा अर्थ कुंभार असा लावला, आणि जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या ग्रंथांत तो ‘पुण्याचा कुंभार’ म्हणून ओळखला जाऊ लागला. वीटकाम करणारे अन्य समाजही त्या काळी होते. तेव्हा हा ताम्रपट आपल्याच नावाचा आहे, असे छाती ठोकून सांगणे शिक्षकाला शोभणार नाही. परंतु तो मातीत हात घालणारा माणूस होता, एवढे निश्चित. आणि मातीत हात घालणारा तो आपला.

त्याने काम कसे केले, ते ऐकण्यासारखे आहे. प्रथम त्याने मेणाचा पातळ पत्रा घेऊन उरलेल्या नाकाच्या बुंध्यावर बसविला आणि चांगल्या दिसणाऱ्या नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून रुग्णाच्या कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ आखली. त्या रेघेबरहुकूम कपाळाची कातडी सोडविली. परंतु दोन भुवयांच्या मध्ये तिचा एक चिंचोळा पट्टा मूळ जागी तसाच जोडलेला ठेवला. नंतर नाकाच्या बुंध्यावरील जुना, बरा झालेला व्रण खरवडून ताजा केला, त्यालगत एक चीर घेतली, कपाळाची कातडी अर्धी फिरवून खाली आणली आणि तिची कड त्या चिरेत बसविली. वरून पाण्यात भिजवून मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. हा विड्यातला कातच बरे! टाका नाही, दुसरे मलम नाही. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवले. पाच-सहा दिवस रुग्णास उताणे निजविले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाच्या गुंडाळ्या आत घातल्या. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला तो पट्टा कापून नाक मोकळे केले.

वाचकहो, आणि येथे बसलेल्या श्रोतेहो, यातील प्रत्येक पायरी आमच्या बांधवांना परिचयाची वाटेल. ओल्या मडक्याला कान अथवा तोटी जोडताना आपण काय करतो? दोन्ही बाजू खरवडून घेतो, पातळ चिखलाचा हात फिरवितो आणि मगच दाबून बसवितो. वाळलेल्या बुडाला ओला कान चिकटत नाही; चिकटल्यासारखा दिसला तरी आव्यात सुटून पडतो. त्या कारागिरानेही जुना व्रण खरवडला, तो याच कारणाने. बरी झालेली कातडी दुसऱ्या कातडीशी एकजीव होत नाही. ताज्या जखमेला ताजी जखमच धरते.

परंतु मातीत आणि कातडीत एक मोठा भेद आहे. माती पाण्याने मऊ राहते. कातडी रक्ताने जगते. कपाळाची कातडी पूर्णपणे कापून नाकावर चिकटविली असती, तर तेवढी जाड कातडी रक्तावाचून काळी पडून गळाली असती. म्हणून त्याने ती भुवयांमधल्या पट्ट्याने मूळ जागी जोडलेली ठेवली, जणू पानाचा देठ फांदीला ठेवावा तशी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून कपाळावर चढणाऱ्या रक्तवाहिन्या या देठातून नव्या नाकाला रक्त पुरवीत राहिल्या. तीन-साडेतीन आठवड्यांत नाकाच्या जागेकडून नव्या बारीक रक्तवाहिन्या आत शिरल्या, आणि मग देठ तोडला तरी पान हिरवे राहिले. आजही कर्करोगाने वा अपघाताने नाक गेले, तर शल्यवैद्य कपाळाचीच कातडी अशी देठासह खाली आणतात, आणि साधारण तीन आठवड्यांनी देठ तोडतात.

ही विद्या आभाळातून पडलेली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान जोडण्याच्या पंधरा रीती आणि गेलेले नाक घडविण्याची रीत दिली आहे. तेथे मेणाऐवजी झाडाच्या पानाने माप घेण्यास सांगितले आहे, आणि कातडी कपाळाऐवजी गालाची घेतली आहे. नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून नळ्या घालण्यासही सांगितले आहे. सुश्रुताने जखमांवरील उपचारांचे साठ प्रकार मोजले, भाजण्याच्या चार पायऱ्या ठरविल्या, आणि शिष्याने माणसावर शस्त्र धरण्यापूर्वी भोपळ्यावर व काकडीवर हात बसवावा असा नियम घातला. ग्रंथ पंडितांच्या घरी राहिला आणि शस्त्र कारागिरांच्या हाती गेले. पुण्याजवळच्या त्या माणसाने हे बापाकडून शिकले असावे, जसे आम्ही चाक बापाकडून शिकलो.

पुढे काय झाले? लंडनचे शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी या हिंदी रीतीची वर्षानुवर्षे चौकशी केली, मृतदेहांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी नाक गमावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर ती शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्यांनी दोन यशस्वी शस्त्रक्रियांचे पुस्तक छापले. दोनच वर्षांनी जर्मनीतील ग्रेफे यांचा नाक घडविण्यावरील ग्रंथ निघाला. पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर जखमा झालेल्या हजारो सैनिकांवर हॅरोल्ड गिलीज यांनी इंग्लंडात उपचार केले, आणि देठासह कातडी हलविण्याच्या कलेचा मोठा विस्तार केला. त्याच गिलीज यांच्या हाताखाली शिकून आपले डॉ. नोशिर अँटिया मायदेशी परतले. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी बसलेली नाके उभी केली, वाकडी बोटे सरळ केली, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. नागपुरात डॉ. सी. बालकृष्णन यांनी वैद्यकीय महाविद्यालयात असाच विभाग घडविला. १९५७ साली या शल्यवैद्यांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुण्याहून निघालेली विद्या अशी लंडनला वळसा घालून दीडशे वर्षांनी पुन्हा पुण्यास आली.

बंधुभगिनींनो, या साऱ्या कथेत एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. बैल हाकणाऱ्याचे नाव लिहून ठेवले आहे. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे लिहिली आहेत. चित्रकाराचे नाव आहे, मासिकाचे नाव आहे. ज्याने नाक घडविले, त्याचे मात्र नाव कोठेही नाही. परक्यांनी ते विचारले नाही, हा दोष परक्यांचा. परंतु आपल्या बाजूनेही कोणी ते लिहिले नाही. पाहणाऱ्याने लिहिले म्हणून विद्या त्याच्याकडे वाढली. करणाऱ्याने लिहिले नाही म्हणून ती त्याच्या घराबरोबर संपली. ही विद्या आज आपल्यापैकी एकाच्याही घरी नाही. उरला आहे तो अभिमान. आणि नुसत्या अभिमानाने जखम भरत नाही, हे आम्ही आमच्या घरात पाहिले आहे. तेच आता सांगतो.

१९८८ सालची दिवाळी जवळ आली होती. आमच्या थोरल्या बंधूंच्या अंगणात पणत्यांचा आवा लावला होता. आवा उकलताना आमची नऊ वर्षांची पुतणी पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात राखेखालच्या निखाऱ्यात गेला. घरात शिकलेले असे आम्हीच. म्हणून सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही धावत जाऊन टेबलावरची निळ्या शाईची बाटली आणली आणि त्या कोवळ्या तळहातावर ओतली. भाजल्यावर शाई लावावी, असे आम्ही लहानपणी पाहिले होते. पाण्याची घागर तीन हातांवर भरलेली होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

शाईनंतर हळद झाली, हळदीनंतर कोणी सांगितलेला झाडपाल्याचा लेप झाला. मुलगी फारशी रडत नव्हती. त्याचे आम्हांस समाधान वाटले. न दुखणारे भाजणे हेच अधिक खोल असते, कारण वेदना कळविणाऱ्या मज्जाच जळून गेलेल्या असतात, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. नवव्या दिवशी पू दिसला, तेव्हा दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी हात पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, शाई शाळेत चांगली. हिच्याखाली कातडी कोणत्या रंगाची आहे, ते मला कसे दिसावे?”

जखम भरावयास दोन महिने लागले. भरली, म्हणून घरी पेढे वाटले. परंतु भरता भरता ती आकसत गेली. चारही बोटे तळहाताकडे वळली आणि मूठ मिटली, ती उघडेना. मुलीची पाटी सुटली. ती डाव्या हाताने जेवू लागली, तेव्हा तिच्या आजीने तोंड फिरविले. दीड वर्षाने मोठ्या शहरातील एका प्लास्टिक सर्जनांनी तिचा हात सोडविला. आखडलेला व्रण कापला, बोटे सरळ केली आणि उघड्या पडलेल्या जागेवर जांघेतील कातडी बसविली. नंतर कित्येक महिने रात्री हाताला पट्टी बांधून निजणे आणि दिवसा बोटांचा व्यायाम, हे व्रत तिच्या आईने मोडू दिले नाही. निरोप घेताना सर्जन एवढेच म्हणाले, “पहिल्या आठवड्यात आणली असती, तर मांडीची पातळ कातडी लावून काम भागले असते.” या वाक्यास आज पस्तीस वर्षे उलटून गेली, आम्हांस ते पाठ आहे.

म्हणून आम्ही हात जोडून विनंती करतो, की पुढील गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. आपल्या घरी आवा आहे, वीटभट्टी आहे, आणि कोणत्याही घरी चूल वा गॅस आहेच.

भाजल्याबरोबर, दुसरे काहीही करण्यापूर्वी, भाजलेल्या भागावर साधे थंड वाहते पाणी वीस मिनिटे घड्याळ लावून सोडावे. बर्फ लावू नये; त्याने कातडीची हानी वाढते. लहान मुलाचे बाकीचे अंग कोरड्या कापडाने उबदार ठेवावे. अंगठी, बांगडी, कडे तत्काळ काढावे. सूज आली की ती निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडतात. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकावे. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, शेण, माती यांपैकी काहीही लावू नये. त्या कारागिराने तूप चौथ्या दिवशी, बसलेल्या सांध्यावर लावले होते, ताज्या भाजण्यावर नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

मग पारख करावी. नुसती लाली आणि आग असेल, तर भाजणे वरवरचे. ते आठवड्याच्या आत बरे होते. फोड आणि तीव्र वेदना असतील, तर त्याहून खोल. कातडी पांढरी, तपकिरी वा काळी, चामड्यासारखी ताठ आणि दुखत नसलेली असेल, तर ती संपूर्ण जळाली असे समजावे. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे शंभरावा हिस्सा. या मापाने किती भाजले ते मोजता येते. मुलांत दहा आणि मोठ्या माणसांत पंधरा तळहातांहून अधिक भाजले असेल, तर शिरेतून पाणी चढवावे लागते आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. तोंड, हात, पाय, सांधे वा गुप्तांग भाजले असेल, विजेचा झटका असेल, तर माप घेत बसू नये. १०८ क्रमांकास बोलवावे आणि रुग्णालय गाठावे. तीन आठवड्यांत न भरणारे भाजणे आखडण्याची फार भीती असते, म्हणून सर्जन त्याआधीच पातळ कातडीचे कलम करतात. मांडीवरून काढलेली ही पातळ कातडी देठावाचून जगते; पहिले काही दिवस ती खालच्या लाल, स्वच्छ जखमेतून ओल शोषून घेते, आणि मग तीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात. म्हणूनच खाली पू असला, तर कलम धरत नाही. मांडीवर कातडीचा खालचा थर शिल्लक राहतो, त्यातून तेथील जखम आपोआप भरते. तेव्हा मांडीची भीती बाळगू नये.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजण्यावरील उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधारपत्र हाताशी असावे, म्हणजे झाले.

आता न भरणाऱ्या जखमांविषयी. आमच्या लहानपणी घरोघरी माती पायाने तुडवीत असत. टाचांना भेगा, भेगांत खडा, ही आपल्या धंद्याची जुनी सोयरीक. पूर्वी ती चालून गेली. आता घरोघरी मधुमेह आला आहे. मधुमेहाने पायाची जाणीव मंदावते, खिळा रुतला तरी कळत नाही, रक्तपुरवठा कमी होतो, आणि लहानशी भेग हाडापर्यंत जाते. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी रोज रात्री तळवा पाहावा, स्वतःस दिसत नसेल तर सुनेने वा नातवाने पाहावा, आणि अनवाणी चालणे सोडावे.

गोरोबाकाकांनी संतांच्या मस्तकावर थापटणे ठोकून कच्चे-पक्के पारखले, ही कथा आपण ऐकत आलो. मडक्यावर टिचकी मारून आवाजावरून तडा ओळखण्याची विद्या आजही आपल्यापाशी आहे. डॉक्टरही जखमेवर मलम लावण्यापूर्वी अशीच पारख करतात. पायाची नाडी लागते काय, कापसाचा स्पर्श कळतो काय, रक्तात साखर किती, जखम हाडाला टेकली आहे काय, कातडी दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल होते काय, हे ते पाहतात. संशय आला, तर जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा तपासणीस पाठवितात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, हा समज खोटा आहे. मडके न वाजविता विकत घेणारा आणि कारण न शोधता मलम लावणारा, दोघेही पुढे पस्तावतात.

काही खुणा विशेष ध्यानात ठेवाव्यात. चार-सहा आठवडे होऊनही न भरणारी जखम, मग ती दुखो वा न दुखो, तज्ज्ञास दाखवावी. वर्षानुवर्षे जुन्या भाजल्याच्या व्रणावर पुन्हा फोड येऊन तो चिघळू लागला, तर त्यात कर्करोग असू शकतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली दाखवून दिले, की वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट धोतर कसल्याने कमरेच्या कातडीस कर्करोग होतो. पुढे परकराच्या नाडीखालीही तो आढळला. आपल्या आयाबहिणींच्या कमरेवर काळा घट्टा असतो. तो सोलवटू लागला, तर लपवू नये, आणि नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा. तीळ वाढू लागला, रंग बदलू लागला वा रक्त येऊ लागले, तर दाखवावा. फिकट आणि बधिर चट्टा असेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावरील औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, आणि वेळेवर घेतली तर बोटे वाकडी होण्याची वेळच येत नाही.

आणखी एक विनंती आहे. ज्याचे पुष्कळ अंग भाजले आहे, त्याच्या अंगावर कलमासाठी कातडीच उरत नाही. अशांना मृत व्यक्तीची दान केलेली कातडी तात्पुरती झाकण म्हणून लावतात. ती दोन-तीन आठवडे जंतूंना रोखते, अंगातले पाणी राखते, आणि तेवढ्या अवधीत प्राण वाचतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली अशी त्वचापेढी सुरू झाली, आणि नंतर अन्यत्रही झाल्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी व पाठ यांवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही, आणि अंत्यसंस्कारास बाध येत नाही. आम्ही आमच्या मुलांना तसे लिहून दिले आहे. ज्या मातीतून घडलो तिच्यात जाण्यापूर्वी एखाद्या भाजलेल्या लेकराच्या अंगावर चार दिवस राहावे, यात आम्हांस वावगे दिसत नाही.

शेवटी मनातले एक बोलतो. आपल्या समाजात भाजलेल्या मुलीला पाहुण्यांपुढे आणीत नाहीत. वधूवर मेळाव्याच्या दिवशी तिला मागच्या खोलीत बसवितात. कावसजीचे नाक शत्रूने कापले, ते एका कारागिराने परत दिले. आमच्या लेकींचे नाक कोणी कापलेले नसता आपणच ते कापल्यासारखे वागतो. मंडळाने एक लहानसा निधी बाजूस काढून अशा मुलामुलींच्या शस्त्रक्रियेच्या प्रवासखर्चाची सोय करावी, आणि पुढील स्मरणिकेत मदतीचा हिशेब छापावा, अशी सूचना आम्ही अध्यक्षमहाराजांपुढे नम्रपणे मांडतो. त्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची, परिचारिकांची आणि रात्र रात्र पट्टी बांधणाऱ्या आयांची नावेही छापावीत. एकदा नाव लिहावयाचे राहून गेले, ते पुन्हा राहू नये.

आमच्या पुतणीचे काय झाले, असे आपण विचाराल. तिच्या तळहातावर जांघेच्या कातडीचा फिकट तुकडा आजही दिसतो, आणि करंगळी पुरती सरळ होत नाही. परंतु दर श्रावणात, मूर्ती वाळून रंगाला आल्या, की तिच्या सासरचे सर्वजण गणपतीचे डोळे रेखाटण्याचे काम तिच्यासाठी राखून ठेवतात. तेथे हात कापून चालत नाही. ती उजव्या हातात बारीक कुंचला धरते, आणि डोळा उघडतो.